फोटोंची डीव्हीडी संगणकावर दिसते, टीव्हीवर लागत नाही: काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने

नातेवाईक, मित्र, शेजारी यांच्या स्लाइडशोच्या डिस्का दुरुस्त करून देताना तेच ते दोष पुन्हा पुन्हा हाती येतात. लोक मात्र सुरुवात नेहमी महागड्या टोकाकडून करतात. नवा प्लेअर आणतात, डिस्क लिहिणारा नवा ड्राइव्ह, म्हणजे रायटर, घेतात, डिस्कांचं नवं बंडल फोडतात. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीच्या पर्यायात असतो आणि तो सुधारायला काहीच खर्च येत नाही.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कोणतं, ते ठरवा.

- प्लेअर डिस्क घेतो, थोडा वेळ फिरवतो आणि 'नो डिस्क' किंवा 'रीड एरर' दाखवतो.
- प्लेअरमध्ये फोटोंची यादी दिसते, पण मेनू नाही, गाणी नाहीत, एकापाठोपाठ एक फोटो सरकत नाहीत.
- सुरुवात छान होते, शेवटच्या काही मिनिटांत चित्र अडकतं, चौकोन चौकोन दिसतात.
- चित्र दिसतं, आवाज नाही. किंवा आवाज आहे आणि चित्र काळं-पांढरं, वर-खाली पळणारं.
- मधलेच काही फोटो काळे येतात किंवा गाळले जातात.
- मूळ डिस्क व्यवस्थित चालते, तिची प्रत चालत नाही.

डिस्क पुसा आणि दुसरीकडे लावून पाहा

मऊ, कोरड्या सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. माहिती वर्तुळाकार मार्गावर लिहिलेली असते. गोल पुसताना एखादा खडा अडकला, तर चरा त्या मार्गाच्या लांबीने पडतो आणि सलग बरीच माहिती वाचता येत नाही. आडवा चरा प्लेअर बहुधा निभावून नेतो.

मग तीच डिस्क दुसऱ्या एखाद्या प्लेअरमध्ये लावा. तिथे चालली तर डिस्क बरोबर आहे, अडचण पहिल्या प्लेअरच्या आणि डिस्कच्या जोडीत आहे. दोन्हीकडे चालली नाही तर प्लेअरला दोष देणं सोडून द्या. पहिल्या प्लेअरमध्ये एखादी विकतची, छापील डीव्हीडीही लावून पाहा. तीही लागत नसेल, तर तुमच्या स्लाइडशोचा यात काहीच संबंध नाही.

संगणकावर न लागण्याचं कारण वेगळं असू शकतं. विंडोज ८ पासून पुढे डीव्हीडी चित्रपट दाखवणारा प्रोग्रॅम विंडोजसोबत येत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकला की डिस्क चांगली आहे की नाही, ते कळतं.

डिस्कवर खरोखर काय लिहिलं गेलंय?

माझ्याकडे येणाऱ्या डिस्कांपैकी बहुतेकींचं दुखणं इथेच सापडतं, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नका. डिस्क संगणकात टाका, पण चालवू नका. फोल्डर उघडतो तशी उघडा आणि आत काय दिसतं ते बघा.

आत 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असेल आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा शेपटीच्या फायली असतील, तर ती खरी डीव्हीडी-व्हिडिओ आहे. टीव्हीखालचा साधा प्लेअर हीच रचना शोधतो. व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज असतो, आयएफओमध्ये मेनू आणि कुठून कुठे जायचं याची माहिती असते, बीयूपी ही आयएफओची जपून ठेवलेली नक्कल असते. एकेक व्हीओबी १ जीबीच्या आतच असते, त्यामुळे एकाच स्लाइडशोचे तीन-चार तुकडे दिसले तर घाबरू नका. बाजूचा 'ऑडिओ_टीएस' फोल्डर रिकामाच असतो, तोही दोष नाही.

आत नुसत्या जेपीजी किंवा एमपी४ फायली दिसल्या, तर ती डेटा डिस्क आहे. काही प्लेअर जेपीजी दाखवतात, काही एमपी४ सुद्धा चालवतात, म्हणून एका घरी चालते आणि दुसऱ्या घरी नाही. अशा डिस्कमध्ये बिघाड काहीच नसतो, ती फक्त दुसऱ्याच प्रकारची असते. स्लाइडशोच्या प्रोग्रॅममधून 'एमपी४ म्हणून सेव्ह करा' केलं आणि ती फाइल डिस्कवर ओढली, की असंच होतं. तिथे 'डीव्हीडी तयार करा' असा वेगळा पर्याय शोधावा लागतो. प्रोग्रॅममध्ये तो नसेल, तर एमपी४ तयार करून ती डीव्हीडीस्टायलरसारख्या डीव्हीडी रचणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये घ्या. तो डीव्हीडीला लागणाऱ्या एमपेग-२ या व्हिडिओ प्रकारात रूपांतर करतो, मेनू जोडतो आणि व्हिडिओ_टीएस बनवून देतो.

आत एकच मोठी आयएसओ फाइल दिसली, तर तुम्ही इमेज बर्न न करता (म्हणजे डिस्कवर रीतसर न लिहिता) इमेजची फाइल डिस्कवर ठेवलीत. आयएसओ म्हणजे आख्खी डिस्क एका फाइलीत बांधून ठेवलेली. बर्न करताना ती मोकळी करून लिहावी लागते. विंडोज ७ पासून पुढे त्या फाइलीवर उजवी क्लिक केली की डिस्क इमेज बर्न करण्याचा पर्याय येतो. इमगबर्न या डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'इमेज फाइल डिस्कवर लिहा' हाच पर्याय घ्यायचा, 'फायली, फोल्डर डिस्कवर लिहा' हा नाही.

आणि आत काही केबींची एकच छोटी फाइल असेल, तर ती प्रोजेक्ट फाइल आहे. तिच्यात फोटो नसतात. कोणता फोटो कुठल्या फोल्डरात आहे आणि किती सेकंद दाखवायचा, एवढीच नोंद असते. फोटोंचा फोल्डर हलवला, की तुमच्या स्वतःच्या संगणकावरही ती निकामी होते. म्हणून प्रोजेक्ट सुरू करण्याआधीच सगळे फोटो आणि गाणी एका फोल्डरात गोळा करा आणि काम संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

डिस्क बंद केली होती का?

लिहून झाल्यावर डिस्क 'फायनलाइझ' करावी लागते. त्यात आतल्या मजकुराची अनुक्रमणिका आणि शेवटची खूण लिहिली जाते. ज्या रायटरने लिहिली, तो अर्धवट डिस्कही वाचून दाखवतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. टीव्हीचा प्लेअर मात्र 'नो डिस्क' म्हणतो.

विंडोज कोरी डिस्क टाकल्यावर विचारतं की ती पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेअरमध्ये लावायची. पहिला पर्याय सोयीचा वाटतो आणि नवशिके तोच निवडतात. त्या पद्धतीने लिहिलेली डिस्क साध्या प्लेअरला वाचता येत नाही. दुसरा पर्याय घेतला, तरी व्हिडिओ_टीएस फोल्डर नुसता ओढून टाकणं मी टाळतो. डीव्हीडी-व्हिडिओत फायली डिस्कवर विशिष्ट क्रमाने असाव्या लागतात आणि आयएफओत लिहिलेले पत्ते त्या क्रमाशी जुळावे लागतात. ओढून टाकलेली डिस्क कधी चालते, कधी चालत नाही, आणि 'कधी चालते' हे बिघाड शोधणाऱ्याला सर्वांत त्रासदायक. व्हिडिओ_टीएस फोल्डर इमगबर्नला दिला की तो रचना ओळखतो आणि क्रम नीट लावतो. लिनक्सवर हेच काम के३बी करतो.

डिस्क नुसती बंद करायची राहिली असेल, तर बऱ्याचदा बर्निंग प्रोग्रॅममध्ये 'क्लोज डिस्क' देऊन तीच वाचवता येते. नवी डिस्क वाया घालवण्यापूर्वी एवढं करून पाहा.

कोरी डिस्क आणि लिहिण्याचा वेग

इथून पुढे थोडा खर्च सुरू होतो: एक-दोन कोऱ्या डिस्का.

डीव्हीडी-आर (उणे चिन्हाची) १९९७ मध्ये आली, डीव्हीडी+आर (अधिक चिन्हाची) २००२ मध्ये. जुना प्लेअर असेल तर उणे चिन्हाची डिस्क चालण्याची शक्यता जास्त, हा माझा पहिला प्रयोग असतो. अनेक रायटरमध्ये अधिक चिन्हाच्या डिस्कचा 'बुक टाइप', म्हणजे डिस्क कोणत्या प्रकारची आहे ही नोंद, डीव्हीडी-रॉम अशी लिहिता येते. मग प्लेअर तिला छापील डिस्क समजतो आणि हट्टी प्लेअरसुद्धा पुष्कळदा ती घेतो. उणे चिन्हाच्या डिस्कवर ही सोय नाही.

आरडब्ल्यू डिस्का सरावासाठी उत्तम. चुकलं की पुसून पुन्हा लिहा. पण त्यांचा पृष्ठभाग प्रकाश कमी परत पाठवतो, त्यामुळे जुने प्लेअर त्या वाचू शकत नाहीत. चाचणी आरडब्ल्यूवर करा, लोकांना देताना आर द्या.

वेगाबद्दल. १६एक्सची डिस्क ८एक्सवर लिहा. भरलेल्या डिस्कला ८ मिनिटांच्या आसपास लागतात आणि चुका कमी होतात. त्याहून खूप हळू लिहिलं की आणखी चांगलं, असं मात्र नाही. आजच्या डिस्कांचा रंगद्रव्याचा थर मध्यम वेगासाठीच बनवलेला असतो.

शेवटची मिनिटं अडकतात, त्याचं उत्तरही इथेच आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. स्लाइडशोचा शेवट बाहेरच्या कडेजवळ पडतो, जिथे बोटांचे ठसे लागतात, डिस्क वाकडी असली तर सर्वांत जास्त थरथरते आणि स्वस्त डिस्कांचा थर पातळ-जाड असतो. डिस्क काठोकाठ भरू नका. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, ते ४.७ अब्ज बाइट. विंडोजमध्ये तेच सुमारे ४.३८ जीबी दिसतं. मी ४ च्या पुढे जात नाही.

कागदी लेबल चिकटवू नका. ते जरा बाजूला बसलं की डिस्कचा तोल जातो, आणि काही महिन्यांनी कडा सुटली तर प्लेअरमध्ये अडकते. सीडी-डीव्हीडीसाठीचं मऊ टोकाचं मार्कर पेन पुरतं.

पाल, एनटीएससी, आवाज

चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा वर-खाली पळतं, तेव्हा टीव्ही-चित्राची प्रणाली चुकलेली असते: भारतात पाल, अमेरिकेत एनटीएससी. पाल म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. एनटीएससी म्हणजे ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७. पालच्या देशांतले प्लेअर बहुधा दोन्ही चालवतात, एनटीएससीच्या देशांतले जुने प्लेअर आणि टीव्ही पाल नाकारतात. अनेक प्रोग्रॅममध्ये एनटीएससी आधीपासून निवडलेलं असतं आणि ते कोणी बदलत नाही. ज्याला डिस्क द्यायची, त्याच्या देशाप्रमाणे निवडा. घरी केलेल्या डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, त्यामुळे 'रीजन कोड' हे कारण शोधत बसू नका.

आवाज येत नसेल तर ऑडिओचा प्रकार पाहा. डीव्हीडी-व्हिडिओत आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा लागतो; एमपी३ गाणी साधारण ४४,१०० ची असतात. चांगला प्रोग्रॅम रूपांतर करून घेतो, साधा करत नाही. आवाज डॉल्बी डिजिटल किंवा पीसीएम ठेवा. एमपी२ वाचणं प्रत्येक प्लेअरवर बंधनकारक नाही, म्हणून तो चालेलच असं नाही.

चित्र जागोजागी धडपडत असेल, तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वाचावी लागणारी माहिती, जास्त आहे. व्हिडिओसाठी कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट. मर्यादेला टेकून लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरला झेपत नाही. ६ ते ७ ठेवा. स्थिर फोटोंना त्याहून जास्त देऊन डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन तासांचा स्लाइडशो एका डिस्कवर बसवायचा तर ५ च्या आत यावं लागतं. पण दोन तास स्थिर फोटो कोण बसून पाहणार? २०-२५ मिनिटांचा करा, पाहणारेही खूश आणि डिस्कही खूश.

काही फोटो काळे का येतात

गाळले गेलेले फोटो एकत्र काढा आणि त्यांच्यात काय समान आहे ते बघा. बहुतेक वेळा पुढचं काहीतरी निघतं. मोबाइलने हेइक (HEIC) प्रकारात साठवलेले फोटो, ज्यांची शेपटी जेपीजी नसते. छपाईसाठी सीएमवायके रंगांत केलेले स्कॅन. 'प्रोग्रेसिव्ह' जेपीजी, जे जुन्या प्रोग्रॅमना आणि प्लेअरना उलगडता येत नाही. यावर उपाय एकच: सगळे फोटो एखाद्या चित्र-संपादकातून एकगठ्ठा साधे, आरजीबी (पडद्यासाठीच्या रंगांचे), जेपीजी म्हणून नव्याने सेव्ह करा. त्याच वेळी लांब बाजू २,००० पिक्सेलच्या आसपास आणा. १२ मेगापिक्सेलचे शेकडो फोटो घेऊन प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो, तेही थांबतं. मूळ फोटोंवर हे करू नका, त्यांच्या प्रतींवर करा.

आपल्याला लागू पडणारी एक गोष्ट वेगळी सांगतो. फायलींना आणि फोल्डरांना देवनागरी नावं देणं जुन्या डीव्हीडी प्रोग्रॅमना झेपत नाही. 'आजीची पंच्याहत्तरी' या फोल्डरातले फोटो प्रोग्रॅमला सापडतच नाहीत आणि एरर भलताच दाखवला जातो. फायलींना इंग्रजी अक्षरं आणि आकडे एवढंच द्या: 001, 002, 003. क्रमही आपोआप लागतो. मराठी शीर्षक पडद्यावर हवं असेल तर त्याचा फोटो करून स्लाइड म्हणून घाला; प्रोग्रॅमच्या मजकुराच्या चौकटीत जोडाक्षरं तुटण्याची भीती राहत नाही.

फोटो पुसट दिसतात ही तक्रारही इथेच आटोपतो. पालच्या चौकटीत जेमतेम सव्वाचार लाख पिक्सेल मावतात, तुमच्या फोटोत कोटीच्या वर असतात. डीव्हीडीवर ते पुसट दिसणारच, कितीही भारी रायटर आणला तरी. कडेची माणसं कापली जात असतील, तर टीव्ही चित्राच्या कडा झाकतो आहे. चारही बाजूंनी साधारण ५ ते १० टक्के जागा मोकळी सोडा. आणि मूळ फोटोंचा वेगळा फोल्डर त्याच डिस्कवर ठेवायला विसरू नका. प्लेअर त्याच्याकडे दुर्लक्ष करतो, संगणकावर पाहणाऱ्याला मात्र पूर्ण आकाराचे फोटो मिळतात.

मूळ चालते, प्रत चालत नाही

डिस्कवरून डिस्क उतरवू नका. लिहिलेल्या डिस्कवर थोड्या चुका असतातच; प्लेअर वाचताना त्या दुरुस्त करून घेतो. तीच डिस्क कॉपीसाठी वाचताना एखादी चूक दुरुस्त झाली नाही, तर ती प्रतीत कायमची बसते, आणि प्रतीच्या प्रतीत आणखी. एक आयएसओ हार्ड डिस्कवर ठेवा. तिच्यावरून एक डिस्क लिहा, ती शेवटपर्यंत टीव्हीवर बघा, मग बाकीच्या सगळ्या त्याच आयएसओवरून काढा. प्रत्येक वेळी 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळण्याचा पर्याय, चालू ठेवा. वेळ दुप्पट लागतो, पण खराब प्रत आपल्याच टेबलावर पकडली जाते, लोकांच्या घरी नाही.

आयएसओ जपली नसेल आणि हातात फक्त डिस्क असेल, तर ती आधी इमेज म्हणून वाचून घ्या. वाचताना एरर आला तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करा. एकाला न वाचता येणारा भाग दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो.

आणखी एक अडचण: काठोकाठ भरलेल्या डीव्हीडी-आरची इमेज डीव्हीडी+आरवर मावत नाही, कारण अधिक चिन्हाच्या डिस्कवर जवळपास ७० लाख बाइट जागा कमी असते. ४ जीबीच्या आत राहिलात तर हा प्रश्नच येत नाही.

हे सगळं तुमच्या स्वतःच्या डिस्कबद्दल आहे. विकतच्या डीव्हीडीवर नक्कल रोखणारं कुलूप असतं, ते या पद्धतीने निघत नाही आणि काढूही नये.

शेवटी ड्राइव्ह

वरचं सगळं बरोबर असूनही लिहिणं मध्येच तुटत असेल, तर बाहेरून जोडलेल्या रायटरची वीज तपासा. यूएसबी हबमधून त्याला पुरेशी वीज मिळत नाही. लेझर लिहिताना वाचण्यापेक्षा जास्त वीज घेतो, म्हणून वाचणं नीट चालतं आणि लिहिणं फसतं. थेट संगणकाच्या पोर्टमध्ये लावा, सोबत दोन टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोकं जोडा. मग दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्का घेऊन पाहा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्काही वाया गेल्या, तर रायटर संपलाय. तो दुरुस्त करत बसू नका, बदला.

इथे थांबा

रायटर उघडून भिंग पुसायला जाऊ नका. आतला लेझर डोळ्याला इजा करू शकतो.

डिस्कला मधल्या भोकापासून तडा गेला असेल, तर ती कोणत्याही ड्राइव्हमध्ये टाकू नका. वेगात फिरताना तिचे तुकडे उडतात.

फोटोंची दुसरी प्रत कुठेही नाही आणि एकमेव डिस्क वाचली जात नाही, अशा वेळी दोन ड्राइव्हमध्ये पाहून थांबा. टूथपेस्टने चरे घासणं, तेल लावणं, काहीही करू नका. डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे डिस्क न घासता, डबीत घालून द्या. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये असतो. खालचा चरा त्याच्याकडे यंत्राने घासून काढता येतो. तुम्ही आधीच घासून पातळ केलेली जागा त्यालाही परत आणता येत नाही.

आणि प्रती शेकड्याने हव्या असतील, तर घरचा रायटर दमवू नका. डुप्लिकेशनचं काम करणाऱ्याला आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर द्या, सोबत टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिलेली एक डिस्क द्या. त्यांनी काढलेली पहिली प्रत घरी आणून दोन वेगळ्या प्लेअरवर लावा आणि मगच बाकीच्यांना होकार कळवा.